निळ्या आकाशाखालचा खोळंबा

एप्रिल २०१०चा तिसरा आठवडा. लंडनवर लख्ख ऊन पडलं होतं. वादळ नाही, धुकं नाही, पाऊस नाही. एरवी हीथ्रो विमानतळावर साधारण दर पाऊण मिनिटाला एक विमान उतरतं किंवा उडतं, पण त्या आठवड्यात आकाशात विमानामागे उमटणारी पांढरी रेघसुद्धा दिसत नव्हती. १५ एप्रिलच्या दुपारी ब्रिटनचं आकाश बंद झालं. त्याच सुमारास नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी आणि फ्रान्सनेही विमानं थांबवली. रविवारी, १८ तारखेला, युरोपात एरवीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच विमानं उडाली. आठवडाभरात एक लाखाहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि सुमारे एक कोटी माणसं जिथल्या तिथे अडकली.

या खोळंब्याने लहान-मोठा पाहिला नाही. नॉर्वेचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग न्यूयॉर्कमध्ये अडकले आणि तिथूनच आयपॅडवर देशाचा कारभार बघू लागले. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल अमेरिकेहून परतताना लिस्बन आणि रोम असा वळसा घेत, पुढे रस्त्याने घरी पोहोचल्या. बार्सिलोनाचा फुटबॉल संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यासाठी बसने मिलानला गेला आणि हरला. केनियात युरोपसाठी खुडलेले गुलाब विमानाची वाट बघत कुजले. मुंबई-लंडन वाहतूक ठप्प झाली. सर्वांत वाईट हाल झाले ते मधल्या विमानतळावर विमान बदलणाऱ्यांचे. ज्यांच्याकडे युरोपचा व्हिसा नव्हता, त्यांना ट्रान्झिट विभागाबाहेर पाऊलही टाकता येईना. फ्रँकफर्टला त्यांच्यासाठी विमानतळातच खाटा मांडल्या गेल्या.

खाटेवर बसलेल्या त्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असणार. बाहेर एवढं निरभ्र आकाश आहे, मग विमान उडत का नाही? या प्रश्नाचं उत्तर आइसलँडच्या बर्फाखाली सुरू होतं, जावा बेटावरच्या एका काळोख्या रात्रीतून जातं आणि एका आकड्यापाशी येऊन थांबतं. मला हे उत्तर विमानप्रवासाइतकंच अद्भुत वाटतं.

बर्फाखालची आग

आइसलँड हा देश दोन भूपट्टांच्या सांध्यावर बसला आहे. एका बाजूला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, दुसऱ्या बाजूला युरेशियाचा. दोन्ही वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत, आणि खालून तप्त शिलारस वर येत राहतो. देशाच्या दक्षिण टोकाजवळ एयाफ्यातलायोकुत्ल नावाचा ज्वालामुखी आहे. उंची जेमतेम साडेसोळाशे मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढीच. माथ्यावर मात्र हिमनदीची जाड टोपी. यापूर्वी तो १८२१ साली जागा झाला होता.

२० मार्च २०१० रोजी त्याच्या कुशीतल्या एका खिंडीत लाव्हा उसळू लागला. ते दृश्य इतकं देखणं होतं की लोक मुद्दाम बघायला जात होते. लाव्हा वाहत होता, पण राख फारशी नव्हती. १२ एप्रिलला तो शांत झाला. १४ तारखेच्या पहाटे मात्र शिलारसाने दुसरी वाट धरली आणि तो थेट माथ्यावरच्या बर्फाखाली फुटला.

सगळं बदललं ते इथे. माथ्यावरच्या त्या बर्फाची जाडी सुमारे दोनशे मीटर होती. हजार अंशांहून तापलेला रस आणि बर्फाचं पाणी समोरासमोर आले. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि रस क्षणात थिजला. इतक्या झटक्यात थिजलेल्या रसाला स्फटिक बनवायला सवडच मिळत नाही, त्याची काच होते, आणि वाफेच्या दणक्याने त्या काचेचा भुगा होतो. शिवाय माथ्याखालचा हा रस आधीच्यापेक्षा जास्त सिलिका असलेला, म्हणून घट्ट होता आणि वायू पोटात कोंडून ठेवणारा होता. ते वायू सुटताना त्याच्या आणखी चिंधड्या झाल्या. हा भुगा आठ-नऊ किलोमीटर उंच गेला, नेमका जिथून प्रवासी विमानं जातात तिथे. त्यात त्या दिवसांत वरचे वारे आइसलँडहून थेट ब्रिटन आणि मध्य युरोपकडे वाहत होते, आणि पुढचे बरेच दिवस त्यांनी दिशा बदलली नाही.

आइसलँडमध्ये वितळलेल्या बर्फाचा लोंढा आला. सुमारे आठशे लोकांना घरं सोडून हलवावं लागलं.

चिमूटभर राख

राख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चुलीतली मऊ, करडी राख येते. ज्वालामुखीच्या राखेचा तिच्याशी काही संबंध नाही. ती जळून उरलेली नसते. ती फुटलेला दगड आणि फुटलेली काच असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण टोकदार, कोनाकोनांचे, धारदार कडांचे दिसतात. आइसलँड आणि कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी ही राख घेऊन एक साधा प्रयोग केला. ती पाण्यात घालून दोन आठवडे सतत घुसळत ठेवली. कण एकमेकांवर घासत राहिले, तरी त्यांच्या धारा बोथट झाल्या नाहीत. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ही राख विमानाच्या काचा खरवडू शकते आणि इंजिनात वितळू शकते, त्यामुळे आकाश बंद करणं योग्यच होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इंजिनात वितळते म्हणजे नेमकं काय होतं? जेट इंजिन पुढून हवा ओढतं, दाबतं, तिच्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागे फेकतं. आतल्या ज्वलनकक्षात तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. राखेतली काच त्याच्या बरीच आधी, १,१०० अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते. तो रस वायूबरोबर मागे जातो आणि टर्बाइनच्या तोंडाशी बसवलेल्या पात्यांवर आदळतो. ही पाती आतून थंड ठेवलेली असतात, त्यामुळे रस तिथेच थिजून थर धरतो. पात्यांमधल्या फटी अरुंद होतात, वायूला पुढे जायला वाट उरत नाही, आतला दाब उलटा फिरतो आणि इंजिनातली ज्योत विझते. विमानाच्या वेगावर लक्ष ठेवणाऱ्या बारीक नळ्याही या राखेने बुजू शकतात.

याच गोष्टीत तिचा उतारासुद्धा आहे. इंजिन विझलं की थंड होतं आणि त्या थराचे तडकून तुकडे पडतात. गरम पाक थाळीवर ओतला तर चिकटतो, पण गार झाल्यावर चिक्कीसारखा कडक होऊन एका टिचकीत मोडतो. ज्या काचेने इंजिन बंद पाडलं, तीच गार झाल्यावर निखळून वाट मोकळी करते. हे एखाद्या प्रयोगशाळेत ठरवून शोधलेलं नाही. २६३ माणसांचा जीव टांगणीला लागला होता, तेव्हा ते कळलं.

२४ जून १९८२ची रात्र

ब्रिटिश एअरवेजचं नऊ क्रमांकाचं उड्डाण लंडनहून ऑकलंडला निघालं होतं. वाटेत मुंबई, क्वालालंपूर असे थांबे घेत ते जावा बेटाच्या दक्षिणेला पोहोचलं. बोइंग ७४७ विमान, २४८ प्रवासी, १५ कर्मचारी, उंची ३७,००० फूट. हवा स्वच्छ होती, रडार कोरं होतं.

अचानक कॉकपिटच्या काचेवर ठिणग्यांचा झगमगाट सुरू झाला. इंजिनांच्या तोंडातून आतून दिवा लावल्यासारखा उजेड येऊ लागला. केबिनमध्ये धूर आणि गंधकाचा वास पसरला. मग चौथं इंजिन बंद पडलं. पाठोपाठ दुसरं. आणि मग उरलेली दोन्ही. काही मिनिटांपूर्वी व्यवस्थित उडणारं जंबो जेट आता इंजिनाविना तरंगत खाली येत होतं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना खरी परिस्थिती शांतपणे सांगितली आणि सहकाऱ्यांसह इंजिनं पुन्हा पेटवण्याचा प्रयत्न सोडला नाही. एकदा, दोनदा, पुन:पुन्हा. विमान साडेतेरा हजार फुटांच्या आसपास आलं तेव्हा एक इंजिन पेटलं. मग बाकीचीही पेटली. त्यातलं एक पुन्हा धडधडू लागलं म्हणून ते बंद करावं लागलं. राखेने समोरची काच इतकी घासली होती की तिच्यातून पलीकडचं काही दिसेना. कडेला उरलेल्या अरुंद पट्टीतून बघत वैमानिकांनी विमान जकार्ताला उतरवलं. एकालाही इजा झाली नाही.

विमान गेलं होतं ते गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेतून. रडारने इशारा का दिला नाही? विमानातलं हवामान रडार पावसाचे थेंब ओळखतं, आणि ही राख कोरडी आणि अतिशय बारीक होती. अंधारात डोळ्यांना दिसली नाही, यंत्रालाही नाही.

अशा घटना एकदाच घडल्या नाहीत. १५ डिसेंबर १९८९ रोजी ॲम्स्टरडॅमहून अँकरेजमार्गे टोकियोला निघालेल्या केएलएमच्या अगदी नव्या ७४७ विमानाची चारही इंजिनं अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. तेही विमान हजारो फूट खाली आलं, इंजिनं पेटली आणि सगळे वाचले. चारही इंजिनं मात्र बदलावी लागली.

या अनुभवांतून जगाने एक व्यवस्था उभी केली. आज जगभर ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं आहेत. लंडन केंद्राचं काम इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या हवामान कार्यालयातून चालतं. दुसरं एक फ्रान्समधल्या तुलूझमध्ये आहे. बाकीची अँकरेज, टोकियो, डार्विन, वेलिंग्टन, वॉशिंग्टन, मॉन्ट्रियल आणि ब्वेनोस आयरेस इथे. वैमानिकांसाठी नियम सोपा होता: राख असेल तिथे जायचं नाही. कमी-जास्त हा प्रश्नच नव्हता. मोकळ्या समुद्रावर किंवा विरळ वस्तीच्या प्रदेशात हा नियम पाळणं जमतं. शे-दोनशे किलोमीटर वळसा घातला की झालं.

नसलेला आकडा

एप्रिल २०१०मध्ये वळसा घालायला जागाच नव्हती. राख जगातल्या अत्यंत गजबजलेल्या आकाशावर पसरली होती. एक्सेटरचे शास्त्रज्ञ ती कुठे जाईल याचं गणित संगणकावर मांडत होते. त्यांचं हे प्रारूप मुळात चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर, किरणोत्सारी धूळ वाऱ्यावर कुठे जाते हे कळावं म्हणून तयार झालेलं होतं. राखेचा लोट किती उंच गेला, हा त्या गणितातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. तो आइसलँडच्या केप्लाविक विमानतळाजवळच्या रडारवरून मिळत होता.

नकाशे तयार होत होते. पण या नकाशांवर कुठे काळा ढग नव्हता. लंडनवर राख होती, पण इतकी विरळ की डोळ्यांना दिसतच नव्हती. मग इंजिनाला ती किती चालते?

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘इतकी राख चालेल’ असं कधी सांगितलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. राख टाळायचीच, एवढंच ठरलं होतं. त्यामुळे ‘थोडी’ आणि ‘खूप’ यांच्यामधली रेषा ओढायला आधार नव्हता. त्या सहा दिवसांत एक कोटी माणसं ज्याची वाट बघत होती तो हा आकडा होता. विमानतळावरच्या फलकावर त्याचं नाव नव्हतं, तिथे फक्त ‘रद्द’ असं दिसत होतं.

आकडा शोधण्याची घाई आणि दडपण दोन्ही प्रचंड होतं. विमान कंपन्यांचे रोज कोट्यवधी डॉलर बुडत होते. त्यांनी प्रवाशांविना चाचणी उड्डाणं केली, आणि विमानं सुखरूप परतली. दुसऱ्या बाजूला फिनलंडच्या हवाई दलाची एफ-१८ लढाऊ विमानं १५ तारखेला उडाली होती, त्यांच्या इंजिनांत वितळलेल्या राखेच्या खुणा सापडल्या. जर्मन संशोधकांनी फाल्कन हे छोटं जेट १९ एप्रिलला राखेच्या थरांची मोजणी करायला पाठवलं. जमिनीवरून लेसरचे झोत आकाशात सोडून, परतणाऱ्या उजेडावरून राखेचा थर कुठल्या उंचीवर आहे हे शोधलं जात होतं. एरवी वर्षानुवर्षं चालणारं काम दिवसांत उरकलं जात होतं.

२० एप्रिलच्या रात्री ब्रिटनचं आकाश उघडलं. उत्तर ठरलं होतं: एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त राख असेल तिथे उड्डाण नाही. त्याहून कमी असेल तिथे जास्तीच्या तपासण्या करून उडता येईल. हा आकडा केवढासा आहे? दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत इतकी राख मिसळली, तर ती सगळी मिळून साठ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि तरी तो आकडा हलका नाही. मोठं जेट इंजिन सेकंदाला साधारण हजार घनमीटर हवा ओढतं असं धरलं, तर इतक्या विरळ हवेतूनही ते सेकंदाला दोन ग्रॅम राख आत घेईल, म्हणजे तासाला सात किलोंच्या वर. त्यातली बरीचशी ज्वलनकक्षाला बगल देऊन बाहेरच्या वाटेने निघून जाते, म्हणून इंजिन तगतं. हा हिशोब मी जेव्हा जेव्हा करतो तेव्हा थक्क होतो. डोळ्यांना न दिसणारी धूळ आणि तासाला सात किलो दगडाचा भुगा, दोन्ही एकच.

वाट बघणाऱ्याचा हक्क

यात प्रवाशाने भोगलेल्या त्रासाचं काय? युरोपीय संघाने २००४ साली २६१ क्रमांकाचा नियम केला होता. उड्डाण रद्द झालं किंवा फार लांबलं, तर कंपनीने प्रवाशाला जेवण, निरोप पाठवण्याची सोय आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यायचं. भरपाईची रक्कम मात्र असाधारण परिस्थितीत मिळत नाही. ज्वालामुखी असाधारण, हे उघड होतं. पण मग जेवणा-राहण्याची जबाबदारीही संपते का? एक आयरिश प्रवासी महिला पोर्तुगालमधल्या फारोला अडकली होती. तिचा दावा युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ३१ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला: ज्वालामुखी असाधारण असला तरी प्रवाशाची काळजी घेण्याच्या जबाबदारीला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही, वाजवी आणि गरजेचा खर्च कंपनीने भरून द्यायचा.

हा नियम आपल्या लोकांच्याही उपयोगाचा आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून मुंबईला निघालेल्या माणसाने खोळंबा झाला की जेवणाची आणि हॉटेलची सोय मागावी, आणि ती मिळाली नाही तर पावत्या जपून ठेवाव्यात. मागायला संकोच करायचं कारण नाही. थांबवण्याचा निर्णय सगळ्यांच्या सुरक्षेसाठी असेल, तर थांबण्याचा भार एकट्या प्रवाशाच्या माथी मारणं न्यायाचं नाही, असंच त्या न्यायालयाने ठरवलं.

सहा दिवसांनी काय दिलं

२१ मे २०११ रोजी आइसलँडचा ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखी उसळला. त्याचा लोट सुमारे वीस किलोमीटर उंच गेला, आदल्या वर्षीच्यापेक्षा दुपटीहून जास्त. त्याची राख जरा जाडसर होती, ती लवकर खाली बसली, आणि वारेही वेगळे होते. पण यावेळी यंत्रणेच्या हाती आकडा होता. आकाश कमी, मध्यम आणि जास्त राखेच्या पट्ट्यांत वाटता येत होतं. रद्द उड्डाणांची संख्या नऊशेच्या आसपास राहिली.

आणि नोव्हेंबर २०२५मध्ये हेच आपल्या डोक्यावर आलं. इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी २३ तारखेला फुटला. राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी पश्चिम आणि उत्तर भारताच्या आकाशात पोहोचली. तुलूझच्या केंद्राने तिचे नकाशे काढले. भारतातल्या कंपन्यांनी काही उड्डाणं रद्द केली, काहींचे मार्ग बदलले, आणि राखेच्या भागातून गेलेल्या विमानांची तपासणी केली. राख पुढे चीनकडे सरकली आणि वाहतूक सुरळीत झाली. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर त्या दिवशी ताटकळलेल्यांचे हाल झालेच. पण आकाश आठवडाभर बंद राहिलं नाही.

खोळंबा झाला की आपण म्हणतो, वेळ फुकट गेला. २०१०च्या त्या सहा दिवसांबद्दल मला तसं म्हणवत नाही. ‘आम्हाला अजून माहीत नाही’ हे एका संपूर्ण खंडाने मान्य केलं, माहीत होईपर्यंत विमानं जमिनीवर ठेवली, आणि त्या काळात एक कोटी माणसांनी गैरसोय सोसली. खाटेवर बसलेल्या त्या माणसाला उत्तर द्यायला सहा दिवस लागले, कारण ते उत्तर आधी कुणाजवळच नव्हतं. त्याने वाट पाहिली म्हणून ते शोधता आलं, आणि आज राखेमुळे विमानतळावर अडकलेल्या प्रवाशाला अनेकदा दिवसांऐवजी तासांत सुटता येतं, ते त्याच्यामुळे.